धाकल्याचा वाटा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं कधी कमी पडली नाहीत. आधी शाळेची नोकरी होती, मग लेकीचं, मुग्धाचं लग्न, मग बायकोचं, सुधाचं आजारपण, आणि सुधा गेल्यावर बोरीवलीचं घर आवरून लेकीकडे नाहूरला येणं. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्या महिन्यात तर डॉक्टरांनीच सांगितलं होतं, लिहूबिहू नका, आणि मला काय बरं वाटलं होतं म्हणून सांगू! आता डोळे स्वच्छ आहेत. हात थोडा कापतो, पण दुसऱ्याला वाचता येईल इतपत अक्षर येतं. कारणं संपली.

दसरा उलटला की मुंबईत ऑक्टोबरचं ऊन पडतं. पावसाने धुऊन काढलेल्या हवेतून ते सरळ खाली येतं, मधे काहीच अडवत नाही त्याला. नाहूरच्या या बाराव्या मजल्यावर ते दुपारी गॅलरीत येऊन बसतं. समोर डोंगराची हिरवी कड दिसते. त्या कडेच्या मागे सगळं जंगल, आणि जंगलाच्या पलीकडे बोरीवली. म्हणजे माझं जुनं आयुष्य इथून सरळ रेषेत फार लांब नाही. मधे फक्त बिबटे आहेत, असं मुग्धा म्हणते. बाराव्या मजल्यावर वास मात्र पोचत नाहीत. बोरीवलीला आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो आणि ऑक्टोबरला एक ठरलेला वास होता: तापलेला सिमेंटचा ओटा, त्यावर ओतलेलं पाणी आणि त्या पाण्यातली मांदेली.

इमारतीच्या मागे, टाकीशेजारी एक नळ होता. मासळी साफ करायची तर तिथेच, जिन्यात नाही, असा सोसायटीचा नियम होता, कारण पहिला मजला सगळा शाकाहारी होता. मढची हिरूबाय पाटी घेऊन यायची ती थेट त्या नळाशी बसायची. बायका पसंत केलेली मासळी तिच्याकडे ठेवून वर जायच्या, आणि पोरं मात्र वर जायची नाहीत. कारण हिरूबाय मासळी साफ करता करता गोष्ट सांगायची. जोवर कोयत्याखाली मासळी आहे तोवर गोष्ट. मासळी संपली की गोष्ट बंद. मग कितीही गयावया करा.

त्यामुळे आमच्या घरात दसरा-दिवाळीमधल्या त्या वीस-बावीस दिवसांत एक चमत्कारिक हट्ट सुरू झाला. नऊ वर्षांची मुग्धा आईच्या पदराला धरून म्हणायची, "पापलेट नको, आई. मांदेली घे ना, मांदेली."

"अगं, तुला काटे लागतात ना?"

"लागू देत."

पापलेट दोन मिनिटांत साफ होतं. मांदेलीला अर्धा तास लागतो. हे गणित पोरांनी पहिल्या दोन दिवसांतच मांडलं होतं. पहिल्या मजल्यावरची हेतल तर काही खाणारीच नव्हती, पण ती रोज हजर. डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाक घट्ट धरायची आणि नाकातल्या आवाजात विचारायची, "पछी? पुढे काय झालं?"

"आधी नाक सोड," हिरूबाय म्हणायची. "नाक धरून गोष्ट आत जाते कशी गो तुझ्या?"

आमचं स्वयंपाकघर त्या नळाच्या बरोबर वर होतं. सहामाही परीक्षेचे पेपर घेऊन मी खिडकीशी बसायचो. मी मराठीचा मास्तर, आणि मुलांच्या एका दिवाळी अंकासाठी दरवर्षी एखादी गोष्ट लिहायचो. त्या गोष्टींना कोणी वाईट म्हणत नसे आणि दुसऱ्यांदा कोणी वाचतही नसे. लाल पेन हातात, खालून तो आवाज. एक दिवस असा आला, की मी पेपर बाजूला सारला, कोरी वही पुढे ओढली आणि लिहून घ्यायला लागलो. कशासाठी, ते तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

तिची बोली मला तेव्हाही नीट लिहिता आली नाही, आजही येत नाही. कानात आहे तशी उतरवतो, चुकली तर चूक माझी.

पोवळी नावाची मुलगी. तिचा भाऊ धाकल्या होडी घेऊन गेला तो आलाच नाही. बायामाणसांनी वल्हं धरायचं नसतं. पोवळीने धरलं, आणि भावाला आणायला निघाली.

"दर्यात तीन नाके हायत," हिरूबाय म्हणाली. "आपला दहिसरचा नाका नाय का, तसे. कायतरी दिल्याबिगर फुडं सोडत नाय."

"पैसे?" हेतलने नाकातून विचारलं.

"दर्याला पैसं कशाला गो? दर्या काय भाजी आनायला जातो?"

पहिल्या नाक्याने पोवळीकडून तिच्या घराचा वास मागून घेतला. आईचं कालवण, भावाचं ओलं जाळं, दारातला धूर, सगळा वास गेला. आपलं घर कसं होतं ते तिला दिसत होतं, पण नुसतं चित्रासारखं. दुसऱ्या नाक्याने झोप घेतली. तिसऱ्या नाक्याने म्हटलं, ज्याला आणायला चाललीस त्याचं तोंड इथे ठेवून जा.

"तोंड म्हणजे?" मुग्धाने विचारलं.

"तोंड म्हणजे तोंड. तो दिसतो कसा ती याद. ती ठेव, नायतर परत फिर."

"मग ती त्याला ओळखणार कशी?"

"तेच तर," हिरूबाय म्हणाली आणि हात धुतले. मांदेली संपली होती. पुढचे दोन दिवस ती आली नाही आणि त्या दोन दिवसांत आमच्या इमारतीतली पोरं जेवली की नाही कोण जाणे. मी मात्र नीट जेवलो नाही, हे मला आठवतं.

माझी नात इरा आता वीस वर्षांची आहे. तिच्या खोलीत उशीच्या जाडीची पुस्तकं आहेत. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर नकाशा: न पाहिलेले डोंगर, नद्या, कोपऱ्यात एखादा पशू. कोणीतरी साधं माणूस घर सोडून निघतं, कुठल्याशा वस्तूच्या किंवा माणसाच्या शोधात, आणि परत येतं तेव्हा ते माणूस तेच राहिलेलं नसतं. त्यांतली दोन मी इराच्या आग्रहाने वाचली. तलवारी, शाप, बोलणारे पक्षी हे सगळं थोडं उड्या मारत वाचलं, पण माणूस घरी परततो ती पानं दोन्ही वेळा थांबून वाचली. दार तेच असतं, पण त्याला ते ठेंगणं वाटतं. आई जेवायला वाढते, आणि तो ताटाकडे परक्यासारखा बघत बसतो. पराक्रम करून आलेल्या माणसाला इतकं एकटं वाटत असेल असं मी कधी मनात आणलं नव्हतं.

या वर्षी इराला कॉलेजात याच विषयावर निबंध होता. नायक कसा बदलतो, का बदलतो. ती गॅलरीत माझ्याशेजारी येऊन बसली. मांडीवर माझं पुस्तक. 'पोवळीचा प्रवास', पाचवी की सहावी आवृत्ती, कोपरे मऊ झालेली. लहानपणी मुग्धा तिला याच पुस्तकाने झोपवायची.

"आजोबा, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"पोवळी भावाचा चेहरा देऊन टाकते. ओके. हे भारी आहे. एकदम भारी. मग खाली गेल्यावर ती त्याला मनगटावरच्या तिळावरून ओळखते. मग तो परत येतो, गाव मिरवणूक काढतं, सगळे खूश."

"हं."

"मग चेहरा देण्याला अर्थ काय राहिला? हे चीटिंग आहे ना, आजोबा. तिने काही गमावलंच नाही. ती जशी गेली तशीच आली. म्हणजे ती गेलीच नाही."

मी तिच्या मांडीवरचं पुस्तक घेतलं आणि शेवटची पानं उघडली. तिला वाटलं मी दुखावलो.

"चिल, आजोबा. मुलांचं पुस्तक आहे, मला माहितेय. पण पहिली ऐंशी पानं ज्याने लिहिली त्याने शेवटची तीन लिहिली असतील असं वाटतच नाही."

चाळीस वर्षांत एकाही समीक्षकाने हे म्हटलं नव्हतं. गॅलरीत ऊन आलं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं. दोन वेगळी माणसं आहेत ती." आणि मग तिला सगळं सांगितलं. आता तुम्हाला सांगतो.

वसुबारसेच्या दिवशी हिरूबायने गोष्ट पुरी केली. त्या दिवशी करंदी होती, बारीक कोलंबी, म्हणजे सोलायला पाऊण तास. मी खिडकीत वही घेऊन बसलो होतो. खाली सात-आठ पोरं, टाकीच्या सावलीत गुडघे पोटाशी घेऊन.

दर्याच्या तळाला एक वाडा होता. जे जे परत आले नाहीत ते सगळे तिथे ओळीने बसून जाळी विणत होते. पोवळी दारात उभी राहिली. सगळ्यांनी माना वर केल्या. सगळे तिच्याकडे बघत होते आणि त्यांतला आपला कुठला ते तिला कळत नव्हतं. नावाने हाक मारावी, तर त्या पाण्यात नाव पोचत नाही. मग पोवळी एकेकाजवळ गेली. एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, बरा हायस ना? जेवलास ना? असं सगळ्यांना. त्यांत तिचा भाऊ होताच. कुठला, ते तिला कधी कळलं नाही.

ती वर आली. परतीच्या वाटेवर पहिल्या नाक्याने घराचा वास परत दिला, दुसऱ्याने झोप दिली. तिसऱ्याने तोंड दिलं नाही. किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या, आणि वाळूवर मासळीचे वाटे घातले जात होते. नाखवाचा, खलाशांचा, जाळ्याचा. पोवळीने ओंजळ भरून एक वाटा आणखी घातला. कोणीतरी विचारलं, ह्यो कोनाचा? ती म्हणाली, जो नाय आयला त्याचा.

"आनि त्या दिसापासून ती एकल्याची बहीण नाय राहिली, वाड्याची बहीण जाली," हिरूबाय म्हणाली. "जाली गोष्ट."

खाली हेतलने नाक सोडलं होतं. मग मुग्धा रडायला लागली. "असा शेवट नको! त्याला आण. हिरूबाय, त्याला आण ना परत."

हिरूबायने करंदीचं टोपलं पाण्याखाली धरलं. तिची पाठ माझ्याकडे होती. "मना नाय जमलं, बाय," ती म्हणाली.

मी वरून हे ऐकलं. आणि मास्तर म्हणून माझ्या मनात काय आलं, तर शेवट पडला. एवढी चढत गेलेली गोष्ट, आणि शेवटी मासळीचे वाटे! मी वहीच्या कडेला लाल पेनने लिहिलं: 'शेवट कमजोर.' ती वही माझ्याकडे अजून आहे. तो लाल शेरा मी अधूनमधून काढून बघतो.

त्या थंडीत मी गोष्ट लिहून काढली. मुलांच्या अंकाला शेवट गोड लागतो, हे मला संपादकांनी सांगायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत तो नियम माझ्या हाडात गेला होता. तीळ मला एका संध्याकाळी दूध आणायला जाताना सुचला आणि मी स्वतःवर खूश झालो. हस्तलिखित पाठवायच्या आदल्या दिवशी सुधाने ऐकलं. ती पोळ्या करत होती, मी पाटावर बसून वाचून दाखवत होतो. तिने गॅस बंद केला.

"अहो, धाकल्या तिचा खराखुरा भाऊ होता."

"कोणाचा?"

"हिरूचा. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना गेला. परवा मला सांगत होती, फोटो नाही काही नाही, आता त्याचं तोंडसुद्धा आठवत नाही, वैनी, म्हणाली. शेवट बदलू नका. आणि तिला एकदा विचारा तरी."

मी म्हणालो, "म्हणून तर परत आणतोय त्याला. तिला बरंच वाटेल."

हे वाक्य मी बोललो तेव्हा मला ते खरं वाटत होतं. माणूस स्वतःशी खोटं बोलतो ते असं, चांगल्या शब्दांत. मी विचारलं नाही. गोष्टीवर माझं नाव घातलं आणि खाली बारीक टायपात 'एका कोळी लोककथेवर आधारित' असं लिहिलं. ती लोककथा नव्हती. ती एका बाईने स्वतःतून सुरीने कापून काढलेली गोष्ट होती, आणि हे पाठवायच्या आदल्या दिवशी मला कळलेलं होतं. लोककथा म्हटलं की कोणाला विचारावं लागत नाही. एवढ्यासाठीच तो शब्द मी वापरला.

पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर. तेच ऊन, तोच नळ. अंक आला होता, आणि माझ्या गोष्टीला चित्रं होती. शेवटच्या चित्रात पूर्ण पानभर धाकल्या: होडीत उभा, कुरळे केस, हसरे डोळे, मनगटावर तीळ. चित्रकाराने मन लावून काढला होता.

मुग्धा आणि हेतल अंक घेऊन जिन्यावरून धावत खाली गेल्या. मी खिडकीत.

"हिरूबाय! तुझी गोष्ट! छापून आलीये!"

हिरूबायने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मासळीचं पाणी लागू नये म्हणून अंक लांब धरला. तिला वाचता येत नव्हतं. ती पानं उलटत गेली आणि शेवटच्या चित्रावर थांबली.

"ह्यो कोन?"

"धाकल्या!" मुग्धा म्हणाली. "बाबांनी त्याला परत आणला!"

हिरूबाय बघत राहिली. नळ वाहत होता आणि तो कोणी बंद केला नाही. मग ती म्हणाली, "बरा हाय. केस कुरळं हायत." अंक मिटून तिने हेतलच्या हातात दिला, कारण हेतलचे हात कोरडे होते. उरलेली मासळी साफ केली. पोरांनी नवी गोष्ट मागितली तर म्हणाली, आज ऊन लागलंय. त्या वर्षी तिला रोजच ऊन लागत राहिलं.

तुळशीच्या लग्नानंतर एका सकाळी ती वर आली. ती कधी वर यायची नाही. सुधा बाजारात गेली होती, दार मी उघडलं. पाटी तिने खालीच ठेवली होती. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं.

"मास्तर, एक सांगू? रागवू नका."

"सांगा ना."

"आधी मी डोळं मिटलं का कायच नसायचं. त्याचं तोंड मना गावत नव्हतं. पन जागा होती, मास्तर. रिकामी जागा होती, तिच्याशी मी बोलत होते. आता डोळं मिटलं का तुमचा तो कुरळ्या केसांचा येतो. मी त्याला सांगतंय, जा बाबा, तू कोन? तो जात नाय."

हे चाळीस वर्षांपूर्वीचं आहे आणि तिचा एकही शब्द माझ्याकडून हललेला नाही. तीन नाके ओलांडून ती जिना चढून आली होती असं आज वाटतं. मला उंबरठाही ओलांडावा लागणार नव्हता. दोन शब्द म्हणायचे होते.

मी म्हणालो, "अहो हिरूबाय, गोष्टच आहे ती. इतकं काय मनावर घेता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याने सोपं उत्तर चुकवावं तेव्हा मी जसा बघायचो, तसं काहीसं होतं. "व्हय," ती म्हणाली. "गोष्टच हाय." आणि जिना उतरून गेली. नंतर आमच्या भागात दुसरी बाई यायला लागली. ती मुकाट्याने मासळी साफ करायची. मुग्धा पुन्हा पापलेट मागायला लागली.

त्या गोष्टीचं पुस्तक झालं, पुस्तकाला बक्षीस मिळालं. शाळांतून बोलावणी आली. 'तुम्हाला हे सुचलं कसं?' असं मुलं विचारायची आणि मी हसून सांगायचो, आमच्या इमारतीमागे एक नळ होता. टाळ्या पडायच्या. नळापाशी कोण बसायचं, ते मी सांगत नसे.

निवृत्त झालो त्या ऑक्टोबरात मी मढला गेलो. वर्सोव्याहून तर घेतली, म्हणजे खाडीपार नेणारी होडी. पाच मिनिटांची खाडी, एका बाजूला मोटारी आणि दुसऱ्या बाजूला वाळू. पिशवीत पुस्तकाची नवी प्रत होती आणि पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: 'ही गोष्ट हिरूबायची.' बांबूच्या उभ्या चौकटींवर बोंबील वाळत होते, रांगाच्या रांगा, तोंडात तोंड अडकवून. त्यांच्या सावलीची जाळी वाळूवर पडली होती आणि त्या जाळीत हिरूबाय बसली होती. केस पांढरे झालेले.

"मास्तर! आवो, किती वाळलात! वैनी कश्या हायत? मुग्धा केवढी जाली?"

मी सांगितलं, मुग्धाचं लग्न ठरलंय. तिने तोंडावर हात ठेवून आश्चर्य केलं. चहा आणवला. गेल्या वर्षीचे सुके बोंबील कागदात बांधून दिले, वैनींना आवडायचे म्हणून. पिशवी माझ्या मांडीवर होती. पुस्तक आत होतं. मी दोनदा पिशवीत हात घातला. बोंबलाचा पुडा पुस्तकावर ठेवला आणि उठलो. तरीत बसलो तेव्हा ती किनाऱ्यावर उभी होती, डोळ्यांवर हात धरून. ती वाट पाहते आहे असं मला वाटलं. ते मलाच वाटलं असेल.

त्या प्रतीला अजून बोंबलाचा वास येतो. सुधा गेल्यापासून कधीमधी मी ती नाकाशी धरतो.

गोष्ट ऐकून झाल्यावर इराने पायात चपला घातल्या. मग म्हणाली, "उठा. जाऊया."

"कुठे?"

"मढला. आत्ता. तुम्ही पुढच्या ऑक्टोबरपर्यंत परत काहीतरी कारण काढाल."

या वेळी तिने मला रिक्षाने नेलं, पुलावरून, रस्त्याने, वळसे घेत. घर सापडलं. दारात हिरूबायची सून करंदी निवडत बसली होती. हिरूबाय तीन वर्षांपूर्वी गेली. झोपेतच गेली, त्रास नाय जाला, सून म्हणाली आणि आम्हाला खुर्च्या दिल्या. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. हिरूबायचा हा एक तरी फोटो आहे, असं माझ्या मनात आलं.

इराने विचारलं, "त्या गोष्टी सांगायच्या ना? तुम्हाला, मुलांना?"

"आई? गोष्ट?" सून हसली. "नाय गो बाय. आमच्या आईंनी कदी गोष्ट नाय सांगितली. पोरं मागं लागायची, तर बोलायच्या, गोष्टी मास्तरलोकांनी सांगायच्या. कोन मास्तर, देव जाने."

इराने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

निघताना सून आम्हाला किनाऱ्यापर्यंत सोडायला आली. एक बोट नुकतीच लागली होती, मासळीच्या पाट्या उतरत होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, की पूर्वी वाळूवर वाटे घालायचे, ते आता घालत नसतील.

"आता सगळं पाटीवर जातं," ती म्हणाली. "पन नारली पुनवेनंतरची पहिली फेरी आयली का घालतात. एक वाटा जास्तीचा घालतात, जे नाय आयले त्यांचा. आमच्या घरचे मग धाकल्यामामाचं नाव घेतात. तो कोन, आमी बघितला नाय. पन रीत हाय ना. तो वाटा मग ज्या घरात कमावता बाप्या नाय त्या घरात जातो."

रीत. म्हणजे तो शेवट हिरूबायने रचलेला नव्हताच. ज्याला मी कमजोर म्हटलं होतं, तो त्या वाळूवर दर वर्षी घडत होता. माझ्या जन्माच्या आधीपासून घडत असेल. मढपासून बोरीवलीपर्यंत ती पाटीत मासळीखाली तो शेवट घेऊन आली होती आणि मी तो लाल पेनने खोडला.

इराच्या पुस्तकांतले नायक शेवटी बदलतात ते काही मिळतं म्हणून नाही, असं मला आता वाटतं. जे गेलं त्याची जागा ते मोकळी ठेवतात, आणि तरी उठून कामाला लागतात. पोवळीला ते जमलं. हिरूबायला माझ्या गोष्टीपर्यंत जमत होतं. मला मोकळी जागा दिसली की ती भरावीशी वाटते. नोकरीभर मी गाळलेल्या जागा भरायलाच शिकवत होतो.

प्रकाशकांना पत्र पाठवलं आहे. इराने टाइप केलं, सही माझी. पुढची आवृत्ती निघाली तर हिरूबायच्या नावाने, हिरूबायच्या शेवटासह, आणि शेवटचं चित्र न घालता. उत्तर यायचं आहे. वही इराकडे दिली आहे, लाल शेऱ्यासकट.

राहिलं ते एकच. ते दारात म्हणायचं होतं, किनाऱ्यावर म्हणायचं होतं, आणि आता ज्या पाण्यात नाव पोचत नाही तिथवर ते पोचेल असं मी मानत नाही. तरी म्हणतो.

हिरूबाय, तो कुरळ्या केसांचा तुमचा धाकल्या नव्हता. तो मी आणून बसवलेला कोणीतरी परका होता. तुम्ही जा म्हणून सांगत होतात आणि तो जात नव्हता, कारण त्याला मी आणलं होतं. उठवायचं काम माझं होतं. माझं चुकलं. मी त्याला आता जायला सांगतो. तुमची जागा तुम्हाला रिकामी करून देतो.